ऑर्लँडोतली नाताळची सुट्टी : या चुका टाळा

नाताळ ते नववर्ष हा ऑर्लँडोच्या थीम पार्कांतला वर्षातला सर्वांत गर्दीचा आठवडा. अमेरिकेतल्या शाळा साधारण 20-22 डिसेंबरला सुटतात आणि न्यू जर्सीपासून डॅलसपर्यंतची मराठी कुटुंबं तेव्हाच फ्लोरिडाकडे निघतात. बहुतेकांसोबत पुण्या-नाशकाहून आलेले आजी-आजोबाही असतात. गर्दी असणारच, त्यावर कुरकुर करून काही मिळत नाही. पण या सहलींत वाया जाणारे तास बघितले, तर त्यातले निम्मे आरामात उठण्यामुळे आणि काहीही न वाचता येण्यामुळे गेलेले असतात. आणि चुका दरवर्षी त्याच.

पार्किंगला पोचलो म्हणजे मॅजिक किंगडमला पोचलो

ही चूक सर्वांत महागात पडते, म्हणून आधी तीच.

मॅजिक किंगडम सोडून डिस्ने वर्ल्डच्या बाकीच्या तीन पार्कांत, म्हणजे एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडममध्ये, गाडी लावली की चालत किंवा छोट्या ट्रामने फाटकाशी जाता येतं. मॅजिक किंगडमचं तसं नाही. तिथली गाडी लागते ट्रान्सपोर्टेशन अँड टिकेट सेंटरला, आणि पार्क आहे मधल्या मोठ्या तळ्याच्या पलीकडे. आधी टोलनाक्यासारख्या खिडकीवर पार्किंगचे साधारण 30 डॉलर, मग गाडी लावणं, मग ट्राम किंवा पायपीट, मग सामानाची तपासणी, मग मोनोरेल किंवा फेरीबोटीची रांग, आणि त्यानंतर तिकीट टेकवायचं फाटक. उबरही तिथेच, अलीकडच्या काठाला सोडते.

डॅलसहून आलेलं सहा जणांचं एक कुटुंब घ्या. मुक्काम डिस्नेजवळच्या किसिमी गावात, भाड्याच्या घरात. नकाशा म्हणतो 25 मिनिटं. पार्क आठला उघडणार हे ठाऊक असतं, पण ‘सुट्टी आहे, किती धावायचं’ म्हणून सकाळी कांदेपोहे होतात, दोन फेऱ्या चहा होतो आणि सहा जणांच्या आंघोळी होतात. सव्वानऊला गाडी निघते. पार्किंगच्या खिडकीशी पोचायला दहा, कारण शेवटचे दोन किलोमीटर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकतात. गाडी लावून, आजोबांच्या वेगाने चालत तपासणीपर्यंत यायला साडेदहा. मोनोरेलची रांग जिन्याखालून वळसे घेत बाहेर आलेली. मेन स्ट्रीटवर, म्हणजे फाटकाच्या आतल्या पहिल्या रस्त्यावर, पाय पडतो तेव्हा सव्वाअकरा झालेले असतात आणि सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन या राइडच्या पाटीवर थांबण्याचा आकडा दोन तासांच्या घरात असतो. त्या दिवसाच्या तिकिटाला माणशी 200 डॉलरच्या आसपास मोजलेले. संध्याकाळपर्यंत चार राइड होतात आणि परतीच्या वाटेवर डिस्नेच्या नावाने बोटं मोडली जातात.

असं का होतं, याचं गणित सोपं आहे. एका राइडमध्ये तासाला ठरावीकच माणसं बसू शकतात. गर्दीचा मोठा लोंढा साडेनऊ ते अकराच्या दरम्यान आत येतो. त्याआधीच्या दीड-दोन तासांत त्याच राइडला पंधरा-वीस ते पस्तीस मिनिटं लागतात. दुपारी त्याच वेळात जेमतेम एक राइड होते, सकाळी चार होतात.

उपाय म्हणजे घड्याळ उलटं मोजणं. आदल्या रात्री डिस्नेच्या ॲपमध्ये उघडण्याची वेळ पुन्हा बघायची, कारण या आठवड्यात वेळा शेवटच्या काही दिवसांतही पुढेमागे होतात. त्या वेळेच्या सव्वा तास आधी पार्किंगच्या खिडकीवर हजर. आठला उघडणार असेल तर पावणेसात. आंघोळी आदल्या रात्री. नाश्ता गाडीत किंवा रांगेत, हातात धरून खाता येईल असा. डिस्नेच्या हॉटेलात उतरलेल्यांना रोज अर्धा तास आधी प्रवेश असतो आणि त्यांची बस थेट फाटकाशी सोडते. तरीही हे लोक नऊला उठतात, त्याला काय म्हणावं?

मोनोरेल की बोट? बाबागाडी किंवा व्हीलचेअर सोबत असेल तर बोट. एका खेपेला खूप माणसं घेते आणि चढउतार सोपी असते. एकट्यादुकट्याने तिकडे जी रांग हलताना दिसेल ती धरावी. रात्री परतताना एक युक्ती आहे. थेट पार्किंगला जाणाऱ्या एक्सप्रेस मोनोरेलची रांग लांबली असेल तर हॉटेलांसाठीच्या मोनोरेलकडे बघा. मॅजिक किंगडमहून तिचा पुढचा थांबा कंटेम्पररी हॉटेल आणि त्यानंतरचाच पार्किंगचा. कर्मचारी अडवत नसतील तर खुशाल बसा.

आणि जवळच्या हॉटेलात ‘नाश्त्याला आलोय’ सांगून गाडी लावायचा शॉर्टकट सुचवणारे बरेच भेटतील. नाताळच्या आठवड्यात दारावरचा पहारेकरी आरक्षण दाखवा म्हणतो. नसेल तर गाडी वळवून पुन्हा त्याच रांगेच्या शेपटाला जावं लागतं, अर्धा तास गमावून.

ख्रिसमस पार्टीच्या तिकिटाचा घोळ

मॅजिक किंगडममध्ये नोव्हेंबरच्या पूर्वार्धापासून 21-22 डिसेंबरच्या सुमारापर्यंत निवडक रात्री ‘मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी’ असते. तिला वेगळं तिकीट लागतं. वेळ संध्याकाळी 7 ते मध्यरात्र. पार्टीचं तिकीट असलेल्यांना 4 पासून आत घेतात, आणि नेहमीच्या तिकिटावर आलेल्यांसाठी पार्क 6 ला बंद होतो. मनगटावर पार्टीचा पट्टा नसेल तर राइडलाही घेत नाहीत.

इथे दोन उलट्या चुका होतात. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात येणारे लोक वेळ न बघता पार्टीच्याच दिवशी नेहमीचं तिकीट घेतात. दिवसभर मुलांना ‘रात्री आतषबाजी बघू’ सांगून ठेवलेलं असतं. सहा वाजता कर्मचारी हसतमुखाने बाहेरची वाट दाखवतात आणि मुलांचं रडणं पार्किंगपर्यंत पुरतं. ओळखायची खूण अगदी साधी आहे : नोव्हेंबर-डिसेंबरात मॅजिक किंगडमची बंद व्हायची वेळ 6 दिसली की त्या रात्री पार्टी आहे.

मात्र हाच दिवस मुद्दाम निवडण्यातही शहाणपण आहे. लवकर बंद होणार म्हणून पुष्कळ लोक तो टाळतात, त्यामुळे सकाळ-दुपार रांगा आटोक्यात असतात. पाचपर्यंत राइड उरकायच्या आणि पार्क हॉपर तिकीट (एका दिवसात एकाहून जास्त पार्कांचं) असेल तर मोनोरेल बदलून एपकॉटला संध्याकाळ काढायची. तिथे कॅन्डललाइट प्रोसेशनल हा नाताळचा सर्वांत देखणा कार्यक्रम असतो. मोठा गायकवृंद, वाद्यवृंद, आणि येशूजन्माची कथा वाचणारा एखादा नामवंत कलाकार. नेहमीच्या तिकिटातच तो बघता येतो, फक्त रांगेत तासभर आधी बसा.

दुसरी चूक 24 ते 30 च्या दरम्यान येणाऱ्यांची. ते पार्टीची तिकिटं शोधत बसतात. त्या तारखांना पार्टी नसतेच. पार्ट्यांचा हंगाम संपला की तिच्यातली नाताळची मिरवणूक नेहमीच्या तिकिटावर दाखवतात, गेली कित्येक वर्षं असंच चाललंय. मेन स्ट्रीटवर पडणारा बर्फ साबणाच्या फेसाचा असतो. चाटू पाहणाऱ्या लहानग्यांना आवरा.

तारीख बदलणं हातात असेल तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्यावा. सजावट तीच, गर्दी बरीच कमी. शाळेचे चार दिवस बुडाले म्हणून कुणाचं इंजिनिअरिंग हुकलेलं नाही.

लाइटनिंग लेन : पैसे भरून झोपून राहणं

हा रांग टाळण्याचा पैशाचा पास. डिस्नेच्या हॉटेलातल्यांना मुक्कामाच्या 7 दिवस आधी, बाकीच्यांना 3 दिवस आधी घेता येतो आणि आरक्षण पूर्व किनाऱ्याच्या सकाळी 7 ला उघडतं. म्हणजे डॅलसला 6, कॅलिफोर्नियात पहाटे 4, आणि अजून भारतातच असाल तर संध्याकाळचे साडेपाच. नाताळच्या आठवड्यात त्या मिनिटाला जो जागा नसतो, त्याला उरलेल्या वेळा मिळतात. ज्यांना तेवढं जमत नसेल त्यांनी तो पैसा जेवणावर खर्च करावा, निदान पोटात तरी जाईल.

सगळ्यांची तिकिटं आधीच एका खात्यात जोडून ठेवा. आजी-आजोबांची तिकिटं दुसऱ्या एजंटकडून घेतलेली असतात आणि सातला पाच मिनिटं असताना त्यांचे क्रमांक शोधणं सुरू होतं. सुरुवातीला तीन राइड निवडायच्या असतात. सकाळच्या रांगा तशाही लहान, म्हणून पहिली वेळ साडेनऊ-दहाची घ्यावी. पहिला पास वापरला की लगेच पुढचा घ्यायचा. तिन्ही संपेपर्यंत थांबणारे लोक अर्धे पैसे वाया घालवतात.

उंची न मोजता दिलेली वचनं

राइडला लागणारी किमान उंची : सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला 97 सेंटिमीटर, टियानाज बायू ॲडव्हेंचरला 102, स्पेस माउंटनला 112, ट्रॉनला 122. प्रवेशाशी पट्टी लावून मोजतात आणि एक बोटभरही सूट देत नाहीत, देऊही नये. घरीच भिंतीशी मोजा आणि मग वचन द्या. छोटं भावंड बसू शकत नसेल तर ‘रायडर स्विच’ मागा : एक पालक मुलापाशी थांबतो, दुसरा जाऊन येतो, मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. फुकट आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही.

कपडे

फ्लोरिडा म्हणजे ऊन, असं समजून हाफ पँटवर येणारे लोक सकाळी सात वाजता दुकानात महागडे स्वेटशर्ट घेताना दिसतात. डिसेंबरात दुपारी 22-24 अंश आणि पहाटे 10-12 हे नेहमीचं, पण उत्तरेकडून थंडीची लाट आली तर पहाट शून्याच्या जवळही जाते. एकावर एक घालता-काढता येतील असे तीन पातळ थर. नवे बूट नकोत. पाण्याच्या राइड दुपारी एक ते तीनमध्येच. युनिव्हर्सल या ऑर्लँडोतल्याच दुसऱ्या थीम पार्क समूहातल्या पोपाय राफ्टवर माणूस सपशेल भिजतो. प्लास्टिकचा रेनकोट बुटांचं काही वाचवत नाही आणि ओले मोजे घेऊन रात्री दहापर्यंत चालणं ही शिक्षा आहे.

हॉगवर्ट्स एक्सप्रेस

हॅरी पॉटरच्या गोष्टीतली ही आगगाडी युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन पार्कांना जोडते. एका पार्कचं तिकीट असेल तर फलाटावरून परत फिरावं लागतं, दोन्ही पार्कांचं पार्क-टू-पार्क तिकीट लागतं. मे 2025 मध्ये उघडलेला युनिव्हर्सलचा एपिक युनिव्हर्स पार्क काही किलोमीटर दूर आहे आणि ही गाडी तिथे जात नाही.

डबे

डिस्नेमध्ये स्वतःचं खाणं नेता येतं. दशम्या, ठेपले, चिवडा खुशाल न्या. काचेची बरणी आणि सुटा बर्फ चालत नाही, म्हणजे लोणच्याला प्लास्टिकची डबी. युनिव्हर्सलमध्ये मात्र किरकोळ खाऊ आणि पाण्याच्या बाटलीपलीकडे जेवणाचे डबे अडवतात. पाणी विकत घेऊ नका. डिस्नेच्या काउंटरवर मागितलं की बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. दुपारचं जेवण ॲपवरून सकाळी साडेदहालाच मागवून ठेवा, साडेबाराला मागवायला बसलात तर पुढची मोकळी वेळ अडीचची मिळते. शाकाहारींना ॲनिमल किंगडममधलं सातुली कँटीन बरं पडतं. ॲनिमल किंगडम लॉज या हॉटेलातल्या सना रेस्टॉरंटमध्ये नान आणि चटण्यांचं ताट मिळतं, पण त्याचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि नाताळात लवकर संपतं.

आजी-आजोबांना बाकावर बसवून ठेवणं

‘तुम्ही इथे सावलीत बसा, आम्ही आलोच’ म्हणून दोन-दोन तास गायब होणारी मंडळी पार्कभर दिसतात. सातासमुद्रापलीकडून आलेल्या माणसांनी बाक बघावा? ॲनिमल किंगडममधली किलिमांजारो सफारी, मॅजिक किंगडममधली पीपलमूव्हर ही संथ गाडी, आणि एपकॉटची लिव्हिंग विथ द लँड ही बोट त्यांच्यासाठी उत्तम. या बोटीत तर खरोखरचं हरितगृह लागतं आणि नाताळात तिथे रोषणाई करतात. शेतीतल्या माणसाला बाहेर यावंसं वाटत नाही. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं होतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांना पहिल्याच तासात व्हीलचेअर घ्या. दुपारी उशिरा ती शिल्लक राहत नाही. ‘मला काही झालेलं नाही’ हे वाक्य मनावर घेऊ नका.

जुन्या माहितीवर आखलेलं वेळापत्रक

मॅजिक किंगडमच्या लिबर्टी स्क्वेअरची मोठी चाकवाली बोट आणि तिची नदी जुलै 2025 मध्ये कायमची बंद झाली, तरी ती अजून लोकांच्या यादीत असते. निघण्याच्या आठवड्यात डिस्नेच्या ॲपवर बंद राइडची यादी बघा. चुलतभावाने दिलेल्या 2019 च्या याद्या फाडून टाका.

31 डिसेंबरची आतषबाजी

31 लाच मॅजिक किंगडम हवा, हा हट्ट सोडा. नववर्षाची खास आतषबाजी तिथे 30 डिसेंबरच्या रात्रीही करतात. फरक फक्त तारखेचा. त्या दिवशीही मेन स्ट्रीट तास-दीड तास आधीच भरून जातो, म्हणून बाबागाडी घेऊन मधोमध शिरू नका, कडेचा कठडा धरा. शेवटचा बार विझला की सगळे एकदम मोनोरेलकडे पळतात. तुम्ही पाऊण तास मेन स्ट्रीटच्या दुकानांत किंवा कट्ट्यावर काढा, दुकानं पार्क बंद झाल्यावरही थोडा वेळ उघडी असतात. आणि गाडी लावतानाच खांबावरच्या ओळीच्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. रात्री साडेबाराला हजारो गाड्यांत आपली पांढरी टोयोटा ओळखू येत नाही.