७०-२९३ आणि केबिनमधला राउटर

माझ्या परीक्षेचा क्रमांक होता ७०-२९३. विंडोज सर्व्हर २००३ वर चालणारं नेटवर्क आखणं आणि सांभाळणं, हा तिचा विषय. एमसीएसई (मायक्रोसॉफ्टचं सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र) व्हायला तेव्हा सात परीक्षा द्याव्या लागत आणि वर्गातली निम्मी मुलं हिला टरकून असायची. कारण कुठलं बटण दाबायचं एवढ्यावर इथे भागत नसे. अमुक कंपनी, इतक्या शाखा, इतकी माणसं, आता तुम्ही काय कराल, असे प्रश्न यायचे.

मी बीएस्सी करून बार्शीहून पुण्यात आलो होतो. क्लासमधली बरीच मुलं डम्प पाठ करायची, म्हणजे फुटलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. दोन परीक्षांना मीही केलं, लपवत नाही. या परीक्षेच्या वेळी मात्र आमच्या सरांनी आठवडाभर सर्व्हरला हातच लावू दिला नाही. फूलस्केप वही आणि पेन्सिल, बस्स. एक कारखाना घ्या: ऑफिसात ४० पीसी, स्टोअरमध्ये ८, शॉपफ्लोअरवर २५, शिवाय प्रिंटर आणि कॅमेरे. आखा. मी १९२.१६८.१०.० या पट्ट्याचे (नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला लागणाऱ्या आकडी पत्त्यांचा हा पट्टा) /२६ असे चार सारखे तुकडे पाडले, प्रत्येकात ६२ पत्ते, आणि खूश झालो. सर म्हणाले, "पुढच्या वर्षी ऑफिसात अजून तीस जण आले तर कुठे बसवशील?" चाळीस आणि तीस सत्तर. खोडरबर काढला.

दुसऱ्या खेपेला १०.१ ने सुरू होणारे पत्ते घेतले. प्रत्येक विभागाला २५४ चा अख्खा पट्टा, आणि पत्त्यातला तिसरा आकडा तोच व्हीलॅनचा (त्याच स्विचवर वेगळ्या पाडलेल्या नेटवर्कचा) क्रमांक: ऑफिस १०, स्टोअर २०, कॅमेरे ५०. पत्ता पाहिला की यंत्र कुठल्या खोलीतलं ते कळलं पाहिजे. प्रत्येक पट्ट्यातले पहिले तीस पत्ते डीएचसीपीच्या (यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) बाहेर ठेवले, सर्व्हर आणि प्रिंटरसाठी. हा हिशेब हाताने करायला शिका. कॅल्क्युलेटर नेटवर मिळतो, पण इंटरव्ह्यूत मिळत नाही.

नोकरी लागली भोसरीत, डेस्कटॉप सपोर्ट म्हणून. तिथलं नेटवर्क कुणी आखलेलंच नव्हतं, ते वाढत गेलेलं होतं. एक दिवस सकाळी नऊ वाजता फोन सुरू झाले: टॅली उघडत नाही, प्रिंट निघत नाही. गंमत म्हणजे निम्म्याच लोकांची तक्रार. रात्रपाळीपासून चालू असलेले पीसी ठणठणीत, सकाळी सुरू केलेले बंद. मी सर्व्हर रीस्टार्ट केला. (करू नका. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून केला.) फरक शून्य. मग एका पीसीवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारलं, म्हणजे पत्ता कुठला आणि कुणाकडून मिळाला ते दाखवणारी आज्ञा. आमचे पत्ते १९२.१६८.१० ने सुरू व्हायचे, याला मिळाला होता १९२.१६८.१ चा. खाली डीएचसीपी सर्व्हर म्हणून १९२.१६८.१.१. असा सर्व्हर आमच्याकडे नव्हताच. ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला, तर घरगुती वाय-फाय राउटरचं लॉगइन पान समोर.

कुणीतरी आपल्या केबिनमध्ये राउटर आणून लॅनच्या (ऑफिसच्या नेटवर्कच्या) पोर्टात खुपसला होता. तो येईल त्याला पत्ते वाटत बसला होता. पीसी सुरू झाला की पत्ता मागतो आणि ज्याचं उत्तर आधी येईल त्याचा घेतो. इतकं साधं आहे ते. क्लासमध्ये शिकवलं होतं की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत (विंडोज नेटवर्कमधल्या यंत्रांच्या आणि युजरच्या मध्यवर्ती नोंदवहीत) ऑथराइज केल्याशिवाय डीएचसीपी सर्व्हर पत्ते वाटत नाही. खरं आहे, पण ते विंडोजच्या सर्व्हरपुरतं. हजार-दीड हजाराचा राउटर कुणाची परवानगी विचारत नाही.

आता तो शोधायचा कसा? स्विच (सगळ्या केबली जिथे जोडल्या जातात ते डबे) साधे, कुठल्या पोर्टवर कोण आहे हे सांगणारे नव्हते. केबलवर लेबल नाहीत. शेवटी एकाला पीसीसमोर बसवलं, राउटरच्या पत्त्यावर पिंग (तो उत्तर देतो का हे सतत विचारणारी आज्ञा) चालू ठेवलं आणि मी रॅकमधल्या केबली एकेक करून उपसत गेलो. "थांबलं!" अशी हाक यायला पाऊण तास लागला. सापडलेली केबल नेमकी कुठल्या केबिनमध्ये जाते, हे कळायला आणखी अर्धा तास. केबिन कुणाची होती ते सोडा.

त्या प्रकरणानंतर मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्यांचा प्रत्येक पोर्ट पाहता-आवरता येतो असे, मंजूर झाले. डीएचसीपी स्नूपिंग लावलं, म्हणजे सर्व्हरचा पोर्ट सोडून दुसरीकडून पत्तेवाटप होऊच द्यायचं नाही. पण त्याहून मोठं काम झालं ते प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबर लावण्याचं. चार गुरुवार गेले. भोसरीत गुरुवारी सुट्टी, त्यामुळे देखभालीचं सगळं तेव्हाच. पॅचही (सॉफ्टवेअरमधल्या चुका आणि भोकं बुजवणारे अपडेट) तसेच: मायक्रोसॉफ्टचे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे रात्री. लगेच लावायचे नाहीत. आठवडाभर दोन-तीन कमी महत्त्वाच्या पीसींवर चालवून पुढच्या गुरुवारी सर्व्हरवर.

आता शिकणाऱ्यांसाठी. सर्व्हर २००३ चा सपोर्ट जुलै २०१५ मध्ये संपला आणि एमसीएसई मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ अखेर बंद केली. अजूनही कुठला क्लास "एमसीएसई" विकत असेल, तर नक्की कुठल्या परीक्षेची तयारी करून घेणार ते क्रमांकासकट विचारा. माझं मत: आधी सीसीएनएच्या (सिस्को कंपनीच्या नेटवर्किंग प्रमाणपत्राच्या) तोडीचं नेटवर्किंग, मग सर्व्हर, मग क्लाउड. उलट क्रमाने गेलेली हुशार मुलं डीएनएसपाशी (नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेपाशी) अडकलेली मी पाहिली आहेत. डोमेनमधल्या (कंपनीच्या विंडोज नेटवर्कमधल्या) पीसीला कुणी ८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस देऊन ठेवतं. इंटरनेट झकास चालतं, पण डोमेन कंट्रोलर (लॉगइन तपासणारा कंपनीचा सर्व्हर) काही सापडत नाही आणि दिवस जातो.

सरावाला महागडी लॅब नको. १६ जीबी रॅमचा जुना पीसी, त्यावर हायपर-व्ही किंवा व्हर्च्युअलबॉक्स (एकाच पीसीत अनेक आभासी पीसी चालवणारं सॉफ्टवेअर), आणि विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची मोफत चाचणी आवृत्ती. दोन डोमेन कंट्रोलर, एक क्लायंट. एखादा युजर उडवा आणि बॅकअपमधून परत आणून बघा. मग पहिला डोमेन कंट्रोलर बंद करून क्लायंटवर लॉगइन होतं का पाहा. इथे एक फसगत आहे: विंडोज आधीचं लॉगइन लक्षात ठेवतं, त्यामुळे दोन्ही सर्व्हर मेलेले असले तरी आत जाता येतं आणि वाटतं, जमलं. म्हणून या चाचणीला त्या पीसीवर पूर्वी कधीच न बसलेला युजर घ्या.