पिल्लाच्या पायाखाली काय असावं

सोलापूरच्या बाहेर, माळाला लागून आमचं घर आहे. थंडीत एखादी गावठी कुत्री आमच्या पडवीत वितेच, आणि त्याच सुमारास माळावर लांडगीणही व्यालेली असते. त्यामुळे दोन्ही पिल्लांची तुलना माझ्या मनात कायम चालू असते.

पहिले दोन आठवडे कुत्र्याचं पिल्लू पोटावर सरकतं. डोकं डावी-उजवीकडे झुलवत आईची ऊब शोधतं. या दिवसांत खाली गोणपाटाची घडी घाला, उघडी फरशी अजिबात नको. मी एकदा गुळगुळीत फरशीवर नुसती चादर अंथरली होती. ती सारखी गोळा व्हायची. पाचांतलं सगळ्यात गुबगुबीत, तांबूस पिल्लू अठराव्या दिवशीही बेडकासारखे पाय फाकून पडलेलं. छातीसुद्धा चपटी व्हायला लागली होती. डॉक्टरांनी मागच्या पायांना मऊ पट्टी सैलसर कशी बांधायची ते दाखवलं. गोणपाटावर त्याला पोटाखाली हात धरून दिवसातून चारदा उभं करायचे. दोन आठवड्यांनी ते चाललं. पट्टी मात्र स्वतःच्या मनाने बांधू नका, सांध्यांना इजा होते.

आता लांडग्याचं. अमेरिकेतल्या कॅथरिन लॉर्ड यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. दोघांचंही नाक साधारण २ आठवड्यांनी, कान ४ आणि डोळे ६ आठवड्यांनी नीट कामाला लागतात. फरक पायांचा आहे. लांडग्याचं पिल्लू दोन आठवड्यांचं होताच, धड दिसत-ऐकू येत नसताना, केवळ वासावर हिंडू लागतं. कुत्र्याचं पिल्लू आजूबाजूचं धुंडाळायला निघतं ते चौथ्या आठवड्यात.

म्हणून चौथ्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत त्याला रोज वेगवेगळ्या जमिनीवर सोडा: ओली माती, गवत, बारीक खडी, वाळू. एक वीट आडवी ठेवा. आधी ते पोटावर घसरत उतरेल, मग पुढचा पाय खाली टेकवून मागचे जवळ ओढेल; तिथे हात लावू नका, उतरू द्या. जुनं सूप उलटं ठेवलं तर पायाखाली किंचित हलतं, तेही चांगलं. एका वेळी दहा मिनिटं पुष्कळ झाली, दमलं की पिल्लू आहे तिथेच झोपतं. खाटेवरून किंवा जिन्यावरून उड्या मात्र मारू देऊ नका.

मोठ्या लांडग्याची दुडकी चाल ओल्या मातीत बघा. मागचा पाय पुढच्याच्या ठशावर पडतो, सगळे ठसे जवळजवळ एका रेषेत. आपल्या कुत्र्याचे ठसे जरा इकडेतिकडे पडले तर काळजी नको. पण नवव्या आठवड्यातही पळताना मागचा भाग लचकत असेल किंवा मान सतत एकीकडे कलत असेल, तर माती-गवतावर विसंबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.