नव्या विद्यापीठात, परक्या माणसांत रुळताना

मी विद्यापीठात समुपदेशक आहे. सत्राच्या सुरुवातीला माझ्याकडे फारसं कुणी फिरकत नाही. नवलाई ओसरली की मुलं येऊ लागतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं : "बाकी सगळे रुळले, मीच राहिलो." तुमच्या मनात हेच येत असेल, तर पुढचं वाचा.

आधी एका कागदावर मधोमध उभी रेघ ओढा. डावीकडे मनाला काय होतंय ते लिहा : झोप उडाली, रडू येतं, कशातच लक्ष लागत नाही. उजवीकडे काय जमत नाही ते लिहा : प्राध्यापकांना मेल कसा करायचा, चर्चेत मध्येच कसं बोलायचं, इतक्या अनोळखी नावांचे उच्चार कसे लक्षात ठेवायचे. मानसशास्त्रज्ञ कॉलीन वॉर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन बाजू वेगवेगळ्या अभ्यासल्या : एक मानसिक जुळवणूक, दुसरी सामाजिक-सांस्कृतिक. उजवी बाजू सरावाने सुधारते. डावी वर-खाली होत राहते. तिला झोप लागते, आधार लागतो, माणसं लागतात. मुलं उजवीकडची अडचण डावीकडे नेऊन ठेवतात. 'मला चर्चेत बोलता येत नाही' याचं बघता बघता 'मी इथल्या लायकीचाच नाही' होऊन बसतं. म्हणून रेघ ओढायचीच.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. 'आपण इथले आहोत का' ही शंका बहुतेकांना येते आणि काळाबरोबर ती विरते, असं वरच्या वर्गातल्या मुलांचं सांगणं त्यांनी नव्या विद्यार्थ्यांपुढे ठेवलं. सारं मिळून तासाभराचं काम. पण त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढची तीन वर्षं सुधारत गेले. तेव्हा तुमच्या विभागातला एखादा सीनियर गाठा आणि सरळ विचारा, "पहिल्या सत्रात तुला काय जड गेलं?"

आता माणसांचं. स्वागत समारंभात भेटलेल्या घोळक्यातून मैत्री क्वचितच होते. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या 2018 च्या अभ्यासात नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण 50 तास लागले, जिवलग मैत्रीला 200 हून जास्त. हे तास एकदम मिळत नाहीत. त्यामुळे पाच क्लबांत नाव नोंदवण्यापेक्षा आठवड्यातून ठरल्या वेळी, ठरल्या जागी, त्याच माणसांबरोबर होणारी एक गोष्ट धरा : ट्यूटोरियल, गायनवृंद, बॅडमिंटन, काहीही. दहा मिनिटं आधी पोहोचा. शेजारच्याचं नाव विचारा, दोनदा म्हणून घ्या, ऐकू आलं तसं आपल्या लिपीत वहीत टिपा. पुढच्या वेळी त्याच नावाने हाक मारा आणि मागच्या बोलण्यातला धागा उचला : "तुझं ते प्रेझेंटेशन कसं झालं?" इतकं केलंत तरी समोरचा मोकळा होतो, हे मी वर्षानुवर्षं पाहते आहे.

आपल्या भाषेतल्या मुलांत बसता म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. मानसशास्त्रज्ञ स्टीफन बॉख्नर यांनी 1977 मध्येच दाखवलं, की परक्या देशात शिकणाऱ्यांची तीन वर्तुळं असतात. आपल्या माणसांत मन हलकं होतं, स्थानिक लोक अभ्यासात आणि कामात मदत करतात, इतर देशांतल्या मुलांबरोबर वेळ मजेत जातो. यातलं कुठलं वर्तुळ अगदीच रिकामं आहे एवढं पाहा आणि पहिली ओळख तिथे करा.

गटात काम करताना सर्वांत जास्त बिनसतं ते गृहीत धरलेल्या गोष्टींवरून. "लवकर पाठवतो" म्हणजे एकाला आज रात्री वाटतं, दुसऱ्याला पुढचा आठवडा. मग एकाला दुसरा बेफिकीर वाटतो, दुसऱ्याला पहिला उद्धट. पहिल्याच बैठकीत विचारून घ्या : "लवकर म्हणजे कोणत्या दिवशी, किती वाजता?" आणि लिहून सगळ्यांना पाठवा. बोलायला संधी मिळत नसेल तर विषय आधी मागून घ्या, एक वाक्य तयार ठेवा आणि सुरुवातीलाच बोला. जितका उशीर कराल तितकं तोंड उघडणं जड जातं.

एक मात्र जुळवून घ्यायचं नाही. तुमच्या वर्णावरून, धर्मावरून, उच्चारावरून कुणी अपमान करत असेल, तर तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण होतं ते त्याच दिवशी लिहून ठेवा आणि विद्यापीठाच्या तक्रार कक्षाकडे जा. एकट्याने जाऊ नका.

दोन आठवडे झोप किंवा भूक ताळ्यावर नसेल, वर्गात जाणं सुटलं असेल, तर समुपदेशकाची वेळ घ्या. जीव नकोसा वाटत असेल तर वेळ ठरवत बसू नका. त्याच क्षणी जवळच्या कुणाला तरी सांगा आणि आपत्कालीन मदत मागा. आमच्याकडे येताना मुद्देसूद काही तयार करावं लागत नाही. "मला झोप लागत नाही" एवढं म्हटलं तरी पुरतं, पुढचं विचारायचं काम आमचं. बोलणं कुठवर गुप्त राहतं आणि कधी राहू शकत नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.