घोड्याच्या उडीआधीच्या ढांगा कशा मोजाव्यात

अडथळे उभारण्याआधी दोन बल्ल्या जमिनीवर 60 फुटांवर ठेवा. कँटरमधली, म्हणजे मध्यम दौडीतली, मोठ्या घोड्याची एक ढांग साधारण 12 फुटांची, म्हणजे माणसाची तीन-तीन फुटांची चार पावलं. उतरायला 6 फूट, उडी घ्यायला 6 फूट धरले की मध्ये चार ढांगा बसतात. माळेगावच्या यात्रेतून आणलेलं ठेंगणं जनावर असेल, तर ढांग 10 फुटांवर येते. उतरायला आणि उडीला 5-5 फूट धरून अंतर 50 फूट करा.

ढांगा मोठ्यानं मोजा. आधी चार, मग ढांग आखूड करून त्याच अंतरात पाच. इथेच डोळा तयार होतो. दोन बल्ल्यांमध्ये चाल मात्र एकसारखी हवी. ती बदलली की अंदाज बांधायचा तरी कशावर?

अडथळ्याजवळ लगाम खेचला की घोडा पार बुडाशी जातो आणि पुढच्या पायांनी बल्ली पाडतो. घाईनं टाच मारली, तर लांबूनच झेपावतो. नजर वरच्या बल्लीवर ठेवा, बुडाशी नको.

आणि आपली काळी माती! पावसात चिकटते, ढांग आखडते. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या रानात उडी मारायचीच नाही, पाय अडकतो.