थर्मोस्टॅट काढून टाकू नका: जुनी गाडी तापते तेव्हा या चुका टाळा

घाटात गाडी एकदा उकळली की गॅरेजमधला पहिला सल्ला ठरलेला असतो: "थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडच्या हवेत त्याचं कामच नाही." थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि पाणी थंड करणारा रेडिएटर यांच्यामधली वाट उघडणारी-बंद करणारी छोटी झडप. जुन्या मारुती ८००, झेनच्या पिढीतल्या कितीतरी गाड्या आजही त्याच्याविना पळताहेत.

बाहेर ४० अंश असले तरी आतलं पाणी साधारण ८५ ते ९५ अंशांवर असेल तरच इंजिन नीट चालतं. थर्मोस्टॅटच्या पोटात मेण असतं. ठरलेल्या तापमानाला ते वितळून फुगतं, झडप उघडतं आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागतं. हा आकडा बहुधा ८२ किंवा ८८ असतो आणि त्याच्यावरच कोरलेला सापडतो. थर्मोस्टॅट काढला की हायवेवर इंजिन गारच राहतं, ऑइलमधला ओलावा उडत नाही आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जास्त जाऊन ॲव्हरेज पडतं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची (रेडिएटर टाळून जाणारी) वाट बंदही करतो. अशा गाडीत तो नसला तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातो, म्हणजे चढावर गाडी उलट जास्तच तापते!

डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा जरा हलला म्हणून घाबरू नका. सिग्नलला थोडा चढला, फॅन लागला, उतरला, हे चांगलंच लक्षण. हायवेवर काटा खाली आणि ट्रॅफिकमध्ये मधोमध असेल, तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. पण गाडी तापत असताना काटा अचानक शून्याकडे पडला, तर लगेच थांबा. बहुधा पाणीच संपलेलं असतं आणि कोरडा सेन्सर काहीबाही दाखवतो.

फॅन लागत नाही म्हणून थेट फॅन स्विच बदलणं ही आणखी एक महागडी घाई. ज्या गाडीत हा स्विच रेडिएटरवर असतो, तिथे थर्मोस्टॅट बंद अडकला तर रेडिएटर थंडच राहतो. फॅन लागणार कसा? सकाळी गार इंजिन सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात लावून बघा. काही मिनिटं तो गार राहून मग झटकन गरम झाला पाहिजे. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे. काटा वर जाऊनही गारच राहिला तर बंद. हात फॅनपासून लांब ठेवा, इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही फिरू शकतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात दोऱ्याने लटकवून पाणी तापवा आणि उघडतो का ते पाहा. बसवताना त्यावरचं छोटं हवेचं छिद्र वर ठेवा. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) भरताना हीटर गरमकडे ठेवा, नाहीतर हवा अडकते आणि दोष नव्या थर्मोस्टॅटवर येतो.

रेडिएटरच्या झाकणाकडे फार कमी जण बघतात. ०.९ बारचं झाकण दाब धरून ठेवतं, त्यामुळे साधं पाणीही ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर चिरलं की हा फायदा गेला. गरम गाडीचं झाकण मात्र उघडू नका, भाजतं.

कसारा किंवा आंबोली चढताना काटा वर सरकू लागला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर फुल. घाम फुटेल, पण हीटरची जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. वाफ येत असेल तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि तापल्या इंजिनावर बिसलरी ओतू नका. इंजिनाचं हेड (वरचा भाग) वाकलं की खर्च हजारांत जातो.