बातमीतला 'चार्ज': या चुका टाळा

इंग्रजी कॉपीत 'चार्ज्ड' दिसला की नवा उपसंपादक 'आरोपपत्र दाखल' लिहून मोकळा होतो. डेस्कवर ही चूक पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते, आणि सर्वांत महागात पडते तीही हीच.

पोलिसांकडच्या फौजदारी प्रकरणात आधी ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो, म्हणजे एफआयआर. तपासानंतर पोलिस न्यायालयात आरोपपत्र दाखल करतात. मग न्यायाधीश आरोप निश्चित करतात आणि खटला सुरू होतो. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत या तिन्ही ठिकाणी 'चार्ज्ड' सर्रास येतो. मराठीत मात्र तीन टप्प्यांना तीन शब्द आहेत आणि कोर्टाची पायरी चढलेला वाचक ते अचूक ओळखतो.

मी पूर्वी ज्या दैनिकात होतो, तिथे एका पतसंस्थेतल्या अपहाराची बातमी रात्री उशिरा इंग्रजीतून आली. संचालकांबरोबर एका लिपिकावरही गुन्हा नोंदवला होता, एवढीच घटना. डेस्कवरच्या एका घाईबाज मुलाने शीर्षक दिले, 'आरोपपत्रात लिपिकाचेही नाव'. सकाळी लिपिकाचा भाऊ अंक घेऊन आला. आवाज न चढवता त्याने विचारले, "आरोपपत्र अजून आलेलंच नाही, मग तुम्ही वाचलंत कुठं?" कोणाकडेच उत्तर नव्हते. पुढे आरोपपत्र आले, त्यात लिपिकाचे नावच नव्हते. चूक पहिल्या पानावर ठळक छापली गेली होती आणि खुलासा आतल्या पानावर बोटभर जागेत. त्या माणसाला गल्लीत मान खाली घालून फिरावे लागले, याचा मला आजही राग येतो.

शिवाय आरोपपत्र कधी दाखल झाले, हीच एक बातमी असते. आरोपी कोठडीत असेल आणि गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही, तर त्याला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, १ जुलै २०२४ पासून लागू झाला, तरी हा हक्क कायम आहे.

मी कॉपीवर पेन्सिलीने 'कोणी?' असे लिहितो. पोलिस ठाण्याने, तपास संपवून न्यायालयात गेलेल्या पोलिसांनी, की न्यायाधीशांनी? कॉपीतून कळत नसेल तर बातमीदाराला फोन करायचा, मग रात्रीचा एक वाजलेला असो. फोन लागलाच नाही, तर पोलिसांच्या प्रकरणात 'गुन्हा नोंदवला' एवढेच लिहावे, कारण पुढच्या टप्प्यावर गेलेल्या प्रकरणातही गुन्हा नोंदवलेला असतोच. भाषांतराच्या ॲपमध्ये परिच्छेद ओतून पान छपाईला सोडणाऱ्यांना हा एक फोन जड वाटतो. ज्याला तो जड वाटतो, त्याने गुन्हेवृत्ताला हात लावू नये.

'दोषारोपपत्र' हा पोलिसी शब्द मी टाळतो. त्यातला 'दोष' वाचकाच्या डोक्यात निकालासारखा बसतो.

'माइल्ड लाठीचार्ज'चा 'सौम्य लाठीमार' हा पोलिसांच्या प्रेसनोटमधला शब्द आहे. तो बिनदिक्कत छापणे म्हणजे पोलिसांची बाजू आपल्या तोंडून मांडणे. कितीजण जखमी झाले, कुठल्या रुग्णालयात आहेत, ते लिहा. 'सौम्य' छापायचेच असेल तर पोलिसांच्या नावावर छापा.

'ॲडिशनल चार्ज' म्हणजे अतिरिक्त कार्यभार. सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा असा कार्यभार आला. तिथे 'अतिरिक्त शुल्क' लिहिणारे यंत्र असते, आणि ते न वाचता पुढे ढकलणारा माणूस असतो. 'टुक चार्ज'ला पदभार स्वीकारला. 'इनचार्ज'ला प्रभारी. 'फ्री ऑफ चार्ज'ला सरळ मोफत.

परदेशी बातमीत उलटी गफलत होते. ब्रिटनमध्ये 'चार्ज्ड विथ मर्डर' आले की आपल्याकडचे 'खुनाचा गुन्हा नोंदवला' लिहितात. तिथे हा टप्पा अटकेच्या बराच पुढचा असू शकतो. गंभीर गुन्ह्यांत सरकारी अभियोग विभाग पुरावा तपासून मंजुरी देतो आणि मग प्रकरण न्यायालयात जाते. तिथे 'खुनाचा आरोप ठेवला' असे लिहा. 'न्यायालयाने आरोप निश्चित केले' असे मात्र लिहू नका, कारण तिथे हे काम न्यायाधीशांनी केलेले नसते.