धुराची तक्रार कोल्हापुरातून कोणाकडे करावी : केंद्राचे अधिकार, राज्याचे अधिकार

गळीत हंगाम सुरू झाला की गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी दिसू लागते आणि त्रासलेला माणूस थेट दिल्लीला पत्र लिहितो. ते पत्र केंद्राकडून राज्याकडे आणि तेथून पुन्हा कोल्हापुरातच येते. तोवर हंगाम संपत आलेला असतो. म्हणून कोणता अधिकार कोणाकडे आहे, हे आधी पाहावे.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘हवा’ हा स्वतंत्र विषय कोणत्याच सूचीत नाही. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा राज्यांच्या ठरावांच्या आधारे करावा लागला. १९८१ चा वायुप्रदूषणाचा कायदा मात्र १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेतील निर्णय अंमलात आणण्यासाठी संसदेने अनुच्छेद २५३ खाली स्वतःच्या अधिकारात केला. तरीही तो राबवणारी यंत्रणा मुख्यतः राज्याची आहे, आणि नागरिकाने नेमके हेच लक्षात ठेवले पाहिजे. हवा किती स्वच्छ असावी याची मानके केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरवते (२००९ च्या मानकांनुसार पीएम १० म्हणजे हवेतील १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे). परंतु कारखान्याला संमतीपत्र (चालवण्याची परवानगी) देणे, त्यात अटी घालणे, तपासणी करणे आणि कलम ३१-अ खाली वीज-पाणी तोडण्याचा किंवा कारखाना बंद करण्याचा आदेश देणे, हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे आहे.

म्हणून शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीचा (धातूच्या ओतकामाच्या कारखान्याचा), अथवा साखर कारखान्याच्या धुराड्याचा त्रास असेल, तर पहिला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाजवळील उद्योग भवनातील मंडळाच्या कार्यालयात द्यावा आणि पोच घ्यावी. ‘फार धूर येतो’ एवढेच लिहू नये. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि छायाचित्रे द्यावीत. त्याच दिवशी माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून त्या कारखान्याच्या संमतीपत्राची आणि तपासणी अहवालांची प्रत मागावी. राज्याच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. संमतीपत्रातील अट हाती आली की तक्रारीला खरे वजन येते, कारण मग आपण केवळ गाऱ्हाणे मांडत नसतो, तर अटीचा भंग दाखवून देत असतो.

जळत्या कचऱ्याची तक्रार महानगरपालिकेकडे करावी. वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ सारखी मानके केंद्राची असली, तरी रस्त्यावरची पीयूसी (वाहनाच्या धुराच्या प्रमाणपत्राची) तपासणी परिवहन कार्यालय आणि वाहतूक पोलीस करतात. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या शहरांत कोल्हापूरचा समावेश आहे. त्याचा निधी केंद्राकडून येत असला, तरी खर्चाचा हिशेब महानगरपालिकेकडेच मागावा.

दिल्लीचा मार्ग राज्य मंडळाने दाद न दिल्यावर धरावा. वायुप्रदूषण कायद्याच्या कलम १८ नुसार राज्य मंडळावर केंद्रीय मंडळाचे आणि राज्य शासनाचे, असे दोघांचेही लेखी निर्देश बंधनकारक असतात आणि त्या दोहोंत विसंगती आल्यास निर्णय केंद्र सरकार देते. शिवाय १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम ५ खाली केंद्र सरकार कारखाना बंद करण्याचा आदेशही देऊ शकते. म्हणून केंद्राला लिहिताना राज्य मंडळाकडील अर्जाची पोच अवश्य जोडावी. ती नसेल तर पत्र परत खालीच पाठवले जाण्याची शक्यता अधिक. दिल्ली परिसरासाठी २०२१ च्या कायद्याने नेमलेल्या हवा गुणवत्ता आयोगाचे आदेश आपल्याकडे लागू होत नाहीत, त्यामुळे वर्तमानपत्रात वाचलेल्या त्या निर्बंधांचा हवाला अर्जात देऊ नये.

या पत्रव्यवहारात एक मुदत मात्र निसटू देऊ नये. पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातील खंडपीठाकडे त्याच्या कायद्याच्या कलम १४ खालील अर्ज वादाचे कारण प्रथम उद्भवल्यापासून सहा महिन्यांत करावा लागतो आणि सबळ कारण असल्यास फार तर ६० दिवस वाढवून मिळतात. उत्तराची वाट पाहण्यात ही मुदत उलटते, असे वारंवार घडते. म्हणून पहिली पोच मिळते त्या दिवशीच दिनदर्शिकेत, वादाचे कारण उद्भवल्यापासूनच्या पाचव्या महिन्यावर खूण करावी आणि तोवर कारवाई झाली नसेल, तर वकिलाचा सल्ला घेऊन अर्जाची तयारी सुरू करावी.